शेंडा हलला का?

गळाची काठी साडेतीन मीटर लांब. शेंडा टोकाशी जेमतेम २ मिलिमीटर जाड आणि रंगाने काळा. मागे पाणी, तेही संध्याकाळी काळंच. या काळ्यावरच्या काळ्याने सेंटीमीटरभर मान डोलावली, की ती मला दिसली पाहिजे. गळाला मासा लागणं हा पुढचा प्रश्न, आधी तो लागलाय हे कळायला हवं!

हिशेब मांडून पाहिला की डोळ्यांची कीव येते. साडेतीन मीटरवरून २ मिलिमीटरची वस्तू अंशाचा तिसावा भाग व्यापते. निरोगी डोळ्याला साधारण साठाव्या भागापर्यंतचं ओळखता येतं. म्हणजे दृष्टी ठणठणीत असलेला माणूस कसाबसा पास होतो. चष्मा घरी विसरलेल्याने सरळ बोट दोरीवर ठेवून बसावं.

या दुखण्यावर पहिला उपाय फुकटचा आहे, म्हणून तो कोणी करत नाही. काठी नव्हे, मागची बाजू बदलायची. शेंडा आकाशावर उमटत असेल तर काळाच उत्तम, त्याला हात लावू नका. तो झाडीवर किंवा सावलीतल्या पाण्यावर येत असेल तर पांढरा किंवा पिवळा लागतो. त्यामुळे रंगाचा डबा उघडण्याआधी काठीच्या टेकूची उंची बदलून पाहा. बूड दोन वीत सरकवून खाली वाकून पाहा. खाली वाकलं की पाण्यावरचा शेंडा उचलला जाऊन आकाशात जातो. शेजारचे लोक बघतात, बघू देत. भर दुपारी पाणी चमचमत असेल तर पोलराइज्ड चष्म्याने ती चमक बरीच मरते आणि शेंडा वर येतो.

ज्याला रंगाची हौस भागवायचीच आहे त्याने शेवटचे २० ते ३० सेंटीमीटर रंगवावेत. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी मरेल इतकंच घासा. जोर लावलात तर कार्बनचे धागे कापले जातात आणि मोठा मासा लागेल त्या दिवशी शेंडा तिथेच मोडतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि मग बोट लावू नका, कारण बोटाच्या तेलावर रंग धरत नाही. दोरी ज्यांतून ओवलेली असते त्या कड्यांना मास्किंग टेप लावा. कड्याच्या आतल्या गुळगुळीत वर्तुळात रंगाचा एक थेंब वाळला, की दोरी त्यावर घासून घासून तुटते आणि आपण दोरीच्या नावाने बोटं मोडतो.

पहिला हात पांढराच द्यायचा, दोन पातळ थरांत. सगळे हीच पायरी गाळतात. वरून द्यायचा भडक फ्लुरोसंट रंग अर्धपारदर्शक असतो. काळ्यावर थेट लावला तर भगव्याचा उदास तपकिरी होतो आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. पांढऱ्यावर भगव्याचे किंवा पिवळ्याचे दोन-तीन पातळ थर, मध्ये चार-पाच सेंटीमीटरचा एक काळा पट्टा. पट्टा शोभेसाठी नाही, पार्श्वभूमी कुठलीही असली तरी दोनपैकी एक रंग तिच्यावर उठून दिसावा म्हणून. वरून लवचीक पारदर्शक थर.

इथे नखांच्या पॉलिशवाल्यांची हमखास गाठ पडते. ब्रश आयता, वाळतंही पटकन, रंग तर शंभर! पण नखाला वाकायचं नसतं, शेंड्याला वाकण्यावाचून दुसरं काम नसतं. दहा-बारा हिसक्यांत कड्यांजवळ तडे जातात. एका मोसमापुरतं चालेल. काढताना मात्र ॲसिटोनचा बोळा फिरवू नका, त्यात कड्या ज्याने बांधलेल्या असतात त्या धाग्यावरचं लुकणही मऊ पडतं.

वरच्या पारदर्शक थरासाठी काठ्या बांधणारे वापरतात ते दोन भागांचं इपॉक्सी (राळ आणि तिला घट्ट करणारं द्रव) मोजून सारखं घ्यायचं, दोन सिरिंजनी, डोळ्यांनी नव्हे. दोन-तीन मिनिटं संथ ढवळायचं, फेटलंत की बुडबुडे. लावल्यावर घट्ट होईपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, काठी आडवी धरून सावकाश फिरवत राहायचं, नाहीतर ते एका बाजूला ओघळून पोट सुटतं. हाताने फिरवणाऱ्याला आपण जबरदस्तीने उपासनेला बसलोय असं वाटू लागतं.

एवढं करून सूर्य मावळला की सगळं पाण्यात. फ्लुरोसंट रंग स्वतःहून उजेड देत नाही, आलेल्या निळ्या आणि अतिनील उजेडाचं रूपांतर करतो. म्हणून तिन्हीसांजेला तो अंगात आल्यासारखा पेटतो आणि अंधारात विझतो. शिवाय प्रकाश कमी झाला की डोळ्याला लाल सर्वात आधी काळा दिसू लागतो आणि हिरवट निळा टिकतो. लाल शेंड्याची मिजास दिवसापुरतीच.

रात्रीसाठी परावर्तक पट्टी उत्तम, पण ती उजेड आल्या वाटेने परत पाठवते. दिवा कपाळावर असेल तर शेंडा लखलखतो, दिवा जमिनीवर ठेवला तर काही नाही. स्ट्राँशियम ॲल्युमिनेटची, उजेड साठवून अंधारात चमकणारी पूड जुन्या झिंक सल्फाइडपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते, मात्र तिला पाणी सोसत नाही. वरचा थर नीट बसला नसेल तर मासेमारीच्या सामानात पाण्याला घाबरणारा तो एकमेव जिन्नस ठरतो. वाकवून पेटवायची रासायनिक कांडी माझ्या मते सगळ्यांत गुणी. साडेचार मिलिमीटर जाड, वजन ग्रॅमच्या आत. थंडीत मंद जळते पण जास्त टिकते, उकाड्यात झगमगून लवकर संपते. ती टोकाच्या कड्यापासून हातभर नव्हे, दहा-पंधरा सेंटीमीटर खाली, कड्यांच्या उलट बाजूला, पारदर्शक नळीच्या तुकड्याने बसवा. कड्यांच्या बाजूला लावली तर फेकताना दोरी तिला मिठी मारते. घंटी आणि बॅटरीचा दिवा एकत्र असलेला चिमटा चार-पाच ग्रॅमचा असतो. टोकावर एवढं ओझं टांगलं की शेंडा आळसावतो आणि लहान माशाचं टोचणं स्वतःच गिळून टाकतो. दिवा छान दिसतो, हलत मात्र नाही.

आता खरा घोटाळा डोळ्यातला. अंधारात पाहणाऱ्या पेशींना दंडपेशी म्हणतात, म्हणजे काठ्याच. त्या डोळ्यात कोट्यवधी आहेत आणि नेमक्या मध्यभागी एकही नाही! मंद शेंड्याकडे रोखून पाहिलं की तो नाहीसा होतो. त्याच्या जरा बाजूला पाहावं लागतं, लग्नघरात ओळखीच्या सावकाराला चुकवतात तसं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आमिष बदलायला पांढरा दिवा लावला की ती उधारी पहिल्यापासून सुरू. लाल दिवा वापरा, मंद.

त्याहून वाईट म्हणजे मिट्ट काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावली, की तो आपोआप सरकू लागतो. जर्मन निसर्गसंशोधक हुंबोल्टला १७९९ मध्ये तारे असेच भटकताना दिसले होते. इलाज सोपा आहे. दुसरी कांडी जमिनीत रोवलेल्या टेकूला बांधायची, शेंड्याच्या रेषेत. ती स्थिर, म्हणून दोन ठिपक्यांतलं अंतर बदललं तरच हिसका द्यायचा.

बरोबर माणूस असेल तर ही दुसरी कांडी सक्तीची समजा. समाजमानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९३५ मध्ये अशाच ठिपक्यावर प्रयोग केला. एकत्र बसलेल्या लोकांचे अंदाज हळूहळू एकमेकांशी जुळू लागले, आणि ठिपका जागचा हललाच नव्हता. काठावर याला ‘हलला का रे?’ ‘हलला वाटतं’ असं म्हणतात. मग दोघे मिळून ओढतात, आणि आमिष जसंच्या तसं.