महिनाभर मका चारून गोऱ्ह्याचा वळू होत नाही

आर्वी-कारंजाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय: "वळू निवडीआधी महिनाभर गोऱ्ह्याला मक्याचा भरडा पोटभर चारा, वजन चढवा; अमेरिकेत असंच करतात." तिकडे असं करत नाहीत. मांसाच्या जातींच्या वळूंची तिथली चाचणी बहुधा 112 दिवसांची, आणि मोजतात ती रोजची वाढ. आधीच चरबी चढलेला गोऱ्हा त्यात मागे पडतो. म्हणून दूध तोडणं, लसी, जंताचं औषध आधीच उरकतात, नव्या खुराकाची सवय व्हायला सुमारे 3 आठवडे देतात, मगच सुरुवातीचं वजन धरतात.

कुटारावर वाढलेल्या गोऱ्ह्यापुढे एकदम भरड्याचं घमेलं ठेवलं, की पोटात आम्ल वाढतं. रवंथ बंद, शेण पातळ नि आंबूस, पुढे खुरं दुखतात, जनावर दगावतंही. वजन राहिलं बाजूला!

शिवाय आपला गवळाऊ, म्हणजे इकडची देशी जात, कामाचा आणि दुधाचा. त्याच्यात आईचं दूध, चाल, खुरं बघा. आणि हो, व्हिडिओत सांगितलेली ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींसाठी असते, गोऱ्ह्यांना टोचायची नसते.