टाकी गळू द्या, मिटिंग चालू द्या

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी गळते. काम केवढं? दोन-तीन प्लंबरांची कोटेशनं, एक ठराव. पण असं झटपट उरकलं तर पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये जमायचं कशाला? म्हणून अनुभवाचे चार बोल.

केनेथ बेन आणि पॉल शीट्स या अमेरिकन अभ्यासकांनी 1948 साली छोट्या गटाचं काम तडीस नेणाऱ्या 12 भूमिका मांडल्या. विषय काढणारा, माहिती विचारणारा, माहिती देणारा, सूत्र जुळवणारा, गाडी रुळावर आणणारा, टिपून ठेवणारा वगैरे. यादी नीट वाचा. ही माणसं ओळखता आली पाहिजेत, नाहीतर चुकून बोलू द्याल.

सगळ्यात घातकी तो माहिती देणारा. हा खरंच गच्चीवर चढून तडा बघून येतो, वर कोटेशन खिशात. त्याला प्रेमानं विचारा, "प्लंबर तुमच्या ओळखीतला का हो?" बास. पुढच्या वेळी कागद आणणार नाही; बहुतेक स्वतःही येणार नाही.

मत देणाऱ्यांची मात्र ददात नसते. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी कमरेला लागलं की छातीला, यावर पाऊण तास सहज जातो. मधेच कोणी "मूळ मुद्दा टाकीचा" म्हणालं, तर "काका, त्यांचं पूर्ण तर होऊ द्या" म्हणायचं.

वही कोणाकडे द्यायची? जो चहा सांगायला जातो त्याच्याकडे. आमच्या वहीत दर महिन्याला एकच नोंद आहे: "टाकीबाबत सविस्तर चर्चा झाली. चहापानानंतर सभा संपली." अक्षर तेवढं बदलतं. एकदा कोणीतरी 'चहापान' खोडून वर 'मिसळ' लिहिलंय.

त्याच दोघा अभ्यासकांनी अडवणारा, मिरवणारा, हुकूमत गाजवणारा अशा स्वतःपुरत्या भूमिकाही नोंदवल्यात. त्या शिकवायची गरज नाही, आपल्याकडे त्या मेंटेनन्सबरोबरच येतात.

मी? मी खुर्च्या मांडतो. हसू नका, बैठकीची मांडामांड करणाऱ्यालाही त्या 12 मध्ये जागा आहे. परवा मात्र रांग नेहमीपेक्षा दोन हात अलीकडे घ्यावी लागली. जिन्यावरून ओघळ आता पार्किंगपर्यंत आलाय.