फुंकर मारून साखर मोजता येत नाही

‘पॉलिअ‍ॅनिलिनच्या पट्टीवर फुंकर मारा, साखर कळेल, बोट टोचायला नको’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

पॉलिअ‍ॅनिलिन खोटं नाही. वीज वाहणाऱ्या अशा प्लास्टिकच्या शोधाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अमोनिया लागला की त्याचा हिरवा थर निळा पडतो, विद्युतरोध वाढतो. फार सुंदर रसायन आहे हे! पण श्वासातून साखर मोजली जात नाही. शोधतात ते अ‍ॅसिटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारं रसायन), आणि ते निरोगी माणसाच्या कडक उपासातही वाढतं. शिवाय श्वासातल्या दमटपणानेही रीडिंग हलतं. अशा आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल. घरातल्या मधुमेह्याचा ग्लुकोमीटर कृपा करून कपाटात टाकू नका.