‘वेगवान घोडे’ आणि ग्राहकाला न विचारण्याचा सल्ला

‘लोकांना काय हवे असे विचारले असते, तर त्यांनी अधिक वेगवान घोडे मागितले असते,’ हे अमेरिकी मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांच्या नावावरचे वाक्य नवउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत सतत फिरत असते. त्याखालचा निष्कर्षही ठरलेला असतो: ग्राहकाला स्वतःलाच काही कळत नाही, तेव्हा विचारपूस न करता उत्पादन बनवा आणि मग जाहिरातीवर जोर द्या. या सल्ल्यावर विसंबून घरची पुंजी पणाला लावली जाते, म्हणून त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

फोर्ड १९४७ मध्ये वारले आणि त्यांच्या हयातीतल्या लेखनात वा भाषणांत हे वाक्य आढळलेले नाही. पण ते खरे मानले, तरी त्यांच्याच कंपनीचा इतिहास त्याच्या विरोधात जातो. १९०८ मध्ये ८५० डॉलरला आलेली त्यांची मॉडेल टी ही मोटार १९२० च्या दशकात ३०० डॉलरच्याही खाली उतरली आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. त्या यशाच्या मुळाशी ग्राहकाची ऐपत ओळखणे हेच होते. पुढे ग्राहकाला रंग, बंदिस्त गाडी आणि हप्त्यांची सोय हवीशी झाली. मॉडेल टी मात्र १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत होती, तर प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सने १९१९ मध्येच कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढली होती आणि निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांसाठी निरनिराळ्या गाड्या बाजारात आणल्या होत्या. अखेर मे १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली आणि तिच्या जागी आलेली मॉडेल ए ग्राहकांपुढे यायला डिसेंबर उजाडला.

‘वेगवान घोडा’ हे उत्तर निरुपयोगी आहे, हेही मला मान्य नाही. लवकर पोहोचण्याची निकड त्यात स्पष्ट दिसते. उपाय शोधणे हे उद्योजकाचे काम आहे; अडचण सांगणे मात्र ग्राहकालाच जमते, फक्त प्रश्न नेमका हवा. किराणा दुकानदाराला ‘माल मागवायचे ॲप वापराल का?’ असे विचारले, तर तो भिडेखातर हो म्हणेल. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात माल कसा मागवला?’ असे विचारून गल्ल्याशेजारी तासभर थांबावे. एजन्सीचा सेल्समन मुदत संपलेला माल परत नेत नाही, उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी सोडता येत नाही, या खऱ्या अडचणी तिथे कळतात. जाहिरातीचे शब्दही त्याच बोलण्यातून मिळतात, कारण दुकानदार ‘पुरवठा साखळी’ म्हणत नाही, ‘माल अडकलाय’ म्हणतो.

स्टीव्ह जॉब्ज यांचा दाखलाही अर्धवट दिला जातो. दाखवल्याशिवाय लोकांना आपल्याला काय हवे ते कळत नाही, असे ते १९९८ मध्ये म्हणाले, हे खरे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ॲपलच्या विकसक परिषदेत, ग्राहकाच्या अनुभवापासून सुरुवात करून मग तंत्रज्ञानाकडे यावे लागते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

ग्राहकाला विचारू नये, या दाव्यात एवढेच तथ्य आहे की ग्राहकाच्या नुसत्या होकारावर विसंबता येत नाही. त्यावरचा उपाय इंटरनेटवरून चपलाबूट विकणाऱ्या झॅपोस या कंपनीच्या सुरुवातीत दिसतो. निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये चपलाबुटांचा साठा न करता दुकानांतल्या जोड्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर लावली आणि मागणी आली की तो जोड विकत घेऊन पाठवला. लोक न घालून पाहता बूट घेतील का, याचे उत्तर त्यांना गोदाम भरण्याआधीच, प्रत्यक्ष पैसे मोजणाऱ्या ग्राहकांकडून मिळाले.