पानिपतावर प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांना काही प्रेमाच्या सूचना

तर तुमचं ठरलंय. पानिपतावर कादंबरी लिहायची, आणि ती नुसती लढाईबिढाईची नाही तर "युद्धाच्या वणव्यात फुललेल्या प्रेमाची". अभिनंदन! वणव्यात काय फुलतं हे विचारणारे लोक तुमचे वाचक नाहीत, त्यांचं सोडून द्या.

पहिलं काम कव्हर. मजकूर नंतर बघू. कव्हरवर बाई पाठमोरीच पाहिजे, चेहरा दाखवला की लोक विचारतात ही कोण, आणि ते तर तुमचंही अजून ठरलेलं नसतं. नारिंगी आभाळ, लांबवर एक हत्ती, उडणारा पदर. गोळे पडत असताना ही बाई पैठणी नेसून मैदानाच्या मधोमध काय करतेय हे विचारायचं नाही.

मग नावं. पार्वतीबाई, लक्ष्मीबाई, उमाबाई असली नावं कागदपत्रांत ढिगाने सापडतात म्हणूनच ती नकोत, पुढे सिरीयल झाली तर प्रोमोत शोभली पाहिजेत ना. तुमची नायिका अन्विता. सन १७६० मध्ये पुण्यात अन्विता! चालतंय की. नायक शिलेदार, डोळे घारे, आणि जमलंच तर नायिकेची एक मैत्रीण इब्राहिमखान गारद्याच्या पलटणीतल्या कुणाची तरी बहीण करून टाका, म्हणजे धार्मिक सलोखाही त्याच पैशात होऊन जातो.

आता तारीख. १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांत, इथेच तुमची निम्मी कादंबरी लिहून झाली समजा. पहाटे अन्विता छावणीत तिळगूळ वाटते, नायक म्हणतो "गोड बोला म्हणतेस, पण आज तोफा बोलणार आहेत", वाचक रुमाल शोधतो. आता एखादा चिकट माणूस येऊन सांगेल की अहो त्या काळी संक्रांत १४ तारखेला येतच नव्हती, ती दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला तेव्हा त्या दिवशी संक्रांत होती, मग त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात तर १० च्या आसपास येते. म्हणजे लढाईच्या दिवसापर्यंत सण होऊन गेलेला. आणि संक्रांतीला खरंच जो पडला तो दत्ताजी शिंदे, तेही एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० ला, बुराडी घाटावर. असल्या माणसाला तुम्ही नम्रपणे सांगायचं, "मी इतिहास लिहीत नाही, मी भावना लिहितो". हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे मुलाखतींत फार उपयोगी पडतं. छावणीची नाकेबंदी होऊन दोन महिने झालेले, जनावरं उपाशी मरतायत, माणसं झाडपाला खातायत, तिथे तीळ कुठून आणले आणि गूळ कुठून आणला, हा प्रश्न आला तरी उत्तर तेच.

चांदणं. चांदण्याशिवाय प्रेम नाही आणि ताटातूट तर त्याहून नाही. लढाईच्या रात्री पौर्णिमा पाडा. तिथी पौष शुद्ध अष्टमी होती, अर्धा चंद्र, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा, आणि जो काही उजेड होता तो कुणाच्या गालावर पडायला नव्हता, तो दक्षिणेकडे पळत सुटलेल्या लोकांचा माग काढणाऱ्या घोडेस्वारांच्या कामी आला. पण असं लिहिलंत तर रोमँटिक कसं वाटेल, म्हणून पौर्णिमाच.

अभ्यासाचं काय, असं प्रकाशक विचारतील. अभ्यास म्हणजे पानिपतला जाऊन काला आंबच्या स्मारकासमोर गॉगल लावून काढलेला एक फोटो, तो मागच्या पानावर टाका. पण काहीही झालं तरी राजवाड्यांनी १८९८ साली छापलेला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड उघडू नका! त्यात त्याच काळातली पत्रं आहेत, आणि ती वाचली की तुमचा नायक जागच्या जागी मरतो. फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊ, त्या भाऊसाहेबांची पत्रं काढून बघाल तर काय, उत्तरेतली वसुली बघणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना पैसे पाठवा, धान्य पाठवा, यमुनेवर नावा जमवा, अजून का नाही पाठवलं, इतके दिवस झाले काय करताय. विरह नाही, चंद्र नाही, फक्त पैसा. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली तेव्हा दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे नऊ लाख रुपये पाडायची वेळ आली होती, इतका खडखडाट. या माणसावर प्रेमकथा कशी बेतणार? तीस वर्षांचा तरुण, पहिली बायको वारलेली, दुसरी बरोबर छावणीत, आणि याच्या डोक्यात रात्रंदिवस हिशेब.

एक चिठ्ठी मात्र चोरण्यासारखी आहे. काशीराज पंडित म्हणून एक दक्षिणी गृहस्थ अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होते, म्हणजे शत्रूच्या गोटात, तहाची बोलणी त्यांच्यामार्फत चालायची. त्यांनी लिहून ठेवलंय की लढाईच्या तोंडावर भाऊंची चिठ्ठी आली, प्याला काठोकाठ भरलाय, आता थेंबही मावायचा नाही, काही करता येत असेल तर करा. ही चिठ्ठी सरळ उचला आणि नायिकेच्या नावावर टाका. बघा, एका फटक्यात उपाशी पडलेल्या लाखभर माणसांचं गाऱ्हाणं प्रेमपत्र होऊन जातं.

खरी अडचण पुढे आहे. प्रेम आणि ताटातूट म्हणून तुम्ही जे कल्पनेने रचणार, ते रचण्याआधी कुणी तुम्हाला खरं घडलेलं सांगून टाकायला नको. उदाहरणार्थ बळवंतराव मेहेंदळे. डिसेंबर १७६० मध्ये छावणीबाहेरच्या एका चकमकीत पडले. बायको तिथेच छावणीत सती गेली, मागे लहान पोरगा उरला. तो पोरगा म्हणजे आप्पा बळवंत. हो तोच, पुण्यातल्या चौकाचा. तुमची कादंबरी ज्या चौकात गठ्ठ्याने विकली जाणार त्या चौकाला ज्याचं नाव आहे, त्याचे आईबाप पानिपतात गेले, आणि त्या चौकात उभं राहून "पानिपतावरचं काहीतरी इमोशनल द्या" म्हणणारं गिऱ्हाईक वर पाटीकडे बघत नाही. हे कादंबरीत घालू नका. सतीचं घातलंत तर बायका भडकतील, नाही घातलंत तर इतिहासवाले, त्यापेक्षा अन्विता बरी.

नानासाहेब पेशव्यांचं तर नावच काढू नका. तिकडे डिसेंबरात छावणीत घोडे मरतायत, आणि इकडे उत्तरेला मदतीला म्हणून निघालेले श्रीमंत वाटेत थांबून २७ डिसेंबर १७६० ला पैठणच्या सावकाराच्या लहानग्या मुलीशी लग्न लावून घेतायत. युद्धकाळातला विवाह! तुमच्या विषयात अगदी फिट्ट बसतो ना? पण यावर वीस पानं लिहायला गेलात तर नायक कुठला आणि खलनायक कुठला तेच कळेनासं होईल. मग महिन्याच्या आत ती सावकारी पत्राची बातमी, दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हे पत्र आपल्याकडे एवढं पाठ झालंय की ते वापरलं की लोक आपोआप गहिवरतात, म्हणून ते जरूर वापरा. फक्त खुर्द्यावर थांबू नका. मोती म्हणजे भाऊ आणि नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे, ज्यांची गणती त्या पत्रातही नाही, तुमच्या कादंबरीत तरी कशाला हवी?

विश्वासराव मात्र पाहिजेतच. अठरा-एकोणीस वर्षांचा, देखणा, दुपारी गोळी लागून पडला. त्याला मरताना तीन पानं बोलू द्या, गोळी लागल्यावर माणसं किती बोलतात हे आपण नाटकांत बघितलेलं आहेच. काशीराज लिहितो की ते प्रेत इतकं सुंदर होतं की अब्दालीचे लोक म्हणत होते यात पेंढा भरू आणि काबूलला घेऊन जाऊ. शुजाने मध्ये पडून ते सोडवलं. तुम्ही हे टाळा, तीन पानांच्या गोड मरणानंतर पेंढा कुठे बसवणार.

नाना फडणीस चालतील का? वय एकोणीसच्या आतबाहेर, म्हणजे नायक व्हायला अगदी योग्य. गडी आईला आणि बायकोला घेऊन यात्रेच्या पुण्यासाठी फौजेबरोबर गेलेला. पळापळीत कपडे टाकून, पाला खात, पायी पायी निसटला. आई त्या गर्दीत सुटली ती पुन्हा भेटलीच नाही. आणि हे सगळं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, त्यात स्वतःच्या तरुणपणच्या वासनांची कबुलीसुद्धा आहे, कसलीही मखलाशी न करता. पण हा नायक पळाला! तुमचा नायक पळून कसा चालेल, तो बुरुजावरून उडी मारणारा हवा. पानिपतच्या छावणीला बुरूज नव्हता, खंदक होता. असो, बुरूज बांधा.

पार्वतीबाई, भाऊंची बायको, ती तर वाचली. बखरीत जानू भिंताड्याचं नाव येतं, त्याने तिला त्या गोंधळातून बाहेर काढलं. आता हा भिंताडा कोण, घरी त्याची वाट कोण बघत होतं, त्याला कुणी काय दिलं, एक अख्खी कादंबरी तिथे पडलीय. पण त्याच्या आडनावाला प्रोमोत काही वजन नाही, त्याला एका ओळीत उरका. बाई पुण्याला आली, नवऱ्याचं प्रेत आपण डोळ्यांनी पाहिलेलं नाही म्हणून तिने कुंकू पुसलं नाही, ती सवाष्णच राहिली, वर्षानुवर्षं, आणि शनिवारवाड्यासारख्या घरात रोज सकाळी शंभर माणसांच्या नजरेसमोर ते कुंकू लावत राहिली. तुम्ही काय कराल, तिला पहिल्याच प्रकरणात पावसात उभी करून रडवाल. छान.

राहता राहिल्या त्या बायका ज्या वाचल्या नाहीत आणि मेल्याही नाहीत. समकालीन फारसी लिखाणात गुलाम करून नेलेल्या बायका-पोरांचा २२,००० चा आकडा येतो. आकडा थोडा कमीजास्त धरा. फौजेबरोबर यात्रेला गेलेल्या, नवऱ्याबरोबर गेलेल्या, कुणाच्या स्वयंपाकाला गेलेल्या. इकडे महाराष्ट्रात सव्वा लाख बांगडी फुटली असं म्हणतात, पण ती फुटली ती इथे घरी बसलेल्यांची. तिकडे गेलेल्यांच्या बांगड्यांचं काय झालं, त्यांची पुढची पोरं कुठली भाषा बोलली, त्यांनी कुणाला कधी सांगितलं का आपण कुठल्या गावच्या, यावर मराठीत मौनच फार. तुम्हीही धरा. यांचं प्रेम कुणावर होतं ते माहीत नाही, नावं माहीत नाहीत, आणि वाचकाला शेवट गोड लागतो. यांच्यातली एक घ्याच म्हणाल तर अब्दालीचा एखादा उमदा सरदार तिच्या प्रेमात पाडा आणि तिला त्याच्या, म्हणजे गुलामगिरीसुद्धा लव्ह स्टोरीत बसते आणि इंग्रजी अनुवादाचे हक्कही विकले जातात.

प्रकाशनाला निवृत्त कर्नल आणि एक अभिनेत्री बोलवा, कर्नलसाहेब रणनीतीवर चाळीस मिनिटं बोलतील, अभिनेत्री म्हणेल मला अन्विता जगायची आहे. फेटे भाड्याने मिळतात.

आणि पुस्तक चाललं की लगेच दुसरा भाग. भाऊ मेलेच नव्हते! या कथेला मार्केट आहे हे सिद्ध झालेलं आहे, एका कनौजी ब्राह्मणाने मीच भाऊ म्हणून सांगितलं तेव्हा भलेभले त्याच्यामागे गेले, आणि नाना फडणिसांनी १७७६ साली त्याला देहान्त दिला तेव्हाही सगळ्यांना पटलं होतंच असं नाही. तुमचं तर काम सोपं आहे, तुम्हाला फक्त वाचकाला पटवायचंय आणि वाचकाचा विश्वास तसाही पानिपतातच गेलेला. दुसऱ्या भागात भाऊ जंगलात साधू होऊन राहतील, अन्विता त्यांना तिळगुळाच्या चवीवरून ओळखेल, पानं सहाशेच्या वर ठेवा, जाड पुस्तक असलं की लोकांना अभ्यास दिसतो. प्रीबुकिंगला बुकमार्क फुकट.