तीन रिसीव्हर लावून गोणी मीटरभरात सापडत नाही

नवी मुंबईतल्या तुर्भे, महापे, रबाळे भागातल्या गोदामवाल्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: 'तीन कोपऱ्यांत ब्लूटूथ रिसीव्हर बसवा, मालाला टॅग (सतत सिग्नल सोडणारं छोटं उपकरण) लावा, सिग्नलच्या ताकदीवरून प्रत्येक नग एक मीटरच्या आत सापडतो. चूक आली तर सरासरी घ्या. पावसाळ्यात गडबड होते ती पावसामुळे.' हे वाचून कुणी खरेदीला निघण्याआधी एकेक दावा तपासू.

'ताकदीवरून अंतर कळतं.' अंतर दुपटीने वाढलं की मोकळ्या जागेत सिग्नल सुमारे ६ डेसिबलने (ताकद मोजायचं एकक) घटतो. ही घट किती वेगाने होते ते सांगणारा आकडा म्हणजे घातांक, तो इथे २. थप्प्या आणि लोखंडी रॅक मध्ये आले की तो ३ किंवा त्याहूनही वर जातो. समजा, १ मीटरवर रीडिंग, म्हणजे रिसीव्हरने मोजलेली ताकद, उणे ५९ डेसिबल आहे आणि आत्ता उणे ८६ मिळालं. घातांक २ धरला तर अंतर निघतं २२ मीटर, ३ धरला तर ८. रीडिंग तेच, उत्तरं दोन!

घातांक बरोबर धरला तरी आडोशांमुळे रीडिंग ६ डेसिबल इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. घातांक ३ असताना त्यामुळे १० मीटरवरचा टॅग ६ ते १६ मीटरमध्ये कुठेही दिसतो आणि ४० मीटरवरचा २५ ते ६३ मध्ये. म्हणजे चूक अंतराच्या प्रमाणात फुगते. कोपऱ्यातला रिसीव्हर बहुतेक मालापासून लांबच असतो, त्यामुळे ही मांडणीच सगळ्यात वाईट. तीन वर्तुळं एका बिंदूत भेटतात ती फक्त आकृतीत.

'सरासरी घ्या.' अर्धंच खरं. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. पत्र्यावरून परतलेल्या लहरींमुळे टॅग वीतभर हलला तरी रीडिंग उडी मारतं. शिवाय टॅग २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ अशा तीन चॅनलवर बोलतो आणि तिन्हींवर ताकद वेगळी येते. ही चढउतार वीसेक पॅकेटांच्या (टॅगने सोडलेल्या छोट्या संदेशांच्या) मध्यकाने, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या रीडिंगने, बरीच शमते. पण मध्ये कांद्याची थप्पी उभी असेल, तर हजार रीडिंगही त्याच चुकीच्या आकड्याभोवती जमणार.

'पावसामुळे.' या वारंवारतेला पावसाच्या धारा गोदामाएवढ्या अंतरात काहीच करत नाहीत. सिग्नल पिणारं पाणी मालात असतं: ओलं गोणपाट, कांदा-बटाटा, मध्ये उभा असलेला हमाल. त्यामुळे भर उन्हाळ्यातही गोदाम भरलं की रीडिंग पडतं.

जागोजागचं रीडिंग आधी नोंदवून नकाशा करण्याची पद्धत चांगली आहे. २००० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या 'रडार' प्रयोगाने ऑफिसच्या मजल्यावर वायफायने २ ते ३ मीटरची अचूकता दाखवली होती. पण ऑफिसातल्या भिंती हलत नाहीत. बाजार समितीच्या गाळ्यात थप्पी रोज बदलते आणि सकाळचा नकाशा संध्याकाळी शिळा होतो.

मग याच उपकरणांकडून काय मागावं? मीटर नव्हे, कप्पा, म्हणजे माल गोदामाच्या कुठल्या भागात आहे एवढंच. दर कप्प्याला एक रिसीव्हर, खांबावर ३ मीटर उंचीवर, लोखंडापासून वीतभर पुढे. माल भरलेला असताना १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर, टॅग चारही दिशांना फिरवून, दर वेळी ५० पॅकेटं घ्या. अंतराच्या लॉगॅरिदमसमोर रीडिंगचा मध्यक मांडून सरळ रेष बसवा. तिच्या उतारावरून घातांक निघतो. बिंदू रेषेपासून सर्रास ६ डेसिबल लांब पडत असतील तर अंतर काढूच नका, सर्वांत जोरात ऐकणाऱ्या रिसीव्हरचा कप्पा धरा. कप्पा बदलायचा तो दुसऱ्या कप्प्याचा रिसीव्हर सलग तीन वेळा ६ डेसिबलने वरचढ ठरल्यावरच, नाहीतर सीमेवरची गोणी पडद्यावर सारखी उड्या मारते.

मीटरच्या आतलं उत्तर खरोखर हवं असेल तर लहरीला लागणारा वेळ मोजणारं यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ) घ्या. एका नॅनोसेकंदात लहर ३० सेंटिमीटर जाते, म्हणून मोकळ्या दृष्टिरेषेत ते १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत पोचतं. लोखंडी रॅकच्या आड गेलं की लहर वळसा घालून येते आणि अंतर जास्त दिसतं. म्हणून प्रत्येक गल्लीत निदान तीन-चार अँकर (जागेवर पक्के बसवलेले यूडब्ल्यूबी रिसीव्हर) टॅगला थेट दिसतील असे बसवावे लागतात.