मॅनहोलकडे डोळे लावून

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने कशाकशाची वाट पाहावी, याची एक यादी समाजाने परस्पर करून ठेवलेली आहे. बढतीची पाहावी, रक्ताच्या रिपोर्टची पाहावी, गेलाबाजार मुलांच्या निकालाची पाहावी. एका राजकन्येने कार्टूनमधल्या विहिरीत पडावं, खऱ्या शहरातल्या मॅनहोलमधून वर यावं, आल्या आल्या गायला लागावं आणि हे सगळं एकदा होऊन गेलेलं असताना पुन्हा व्हावं, ही अपेक्षा त्या यादीत बसत नाही. मी ती वर्षानुवर्षं बाळगली. या काळात लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर मी एरवी फक्त दातांच्या डॉक्टरकडे पाहिली आहे. एक्स-रे उजेडाकडे धरून ते विचारतात ना, "कधीपासून आहे हे?"

आहे ते २००७ च्या नोव्हेंबरपासून. डिस्नेचा 'एन्चांटेड' हा चित्रपट आला तेव्हा माझी बाजू भक्कम होती, कारण माझ्याकडे दुधाचे दात पडायला लागलेली एक मुलगी होती. परीकथेच्या खेळाला एकटाच आलेला मिशीवाला पुरुष संशयास्पद दिसतो. त्याच्या बोटाला एक फ्रॉक लटकला की तोच आदर्श पिता ठरतो. सुरुवातीची दहाएक मिनिटं निखळ कार्टून. जंगल, पक्षी, राजपुत्र, आणि मुलाच्या लग्नाने आपलं सिंहासन जाईल म्हणून धास्तावलेली त्याची सावत्र आई. ती राजकन्येला विहिरीत ढकलते आणि राजकन्या उगवते ती थेट न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, मॅनहोलचं झाकण सारून, हाडामांसाची एमी अ‍ॅडम्स होऊन. शेजारी लेक टाळ्या पिटत होती. मी पिटत नव्हतो, पण तोंड मिटायचंही राहून गेलं होतं.

पुढे ती एका वकिलाच्या घरातला पसारा आवरायला खिडकीत उभी राहून प्राण्यांना साद घालते. कार्टूनच्या राज्यात अशा वेळी हरणं आणि ससे धावून येतात. न्यू यॉर्कात कबुतरं, उंदीर आणि झुरळं येतात, आणि कामाला अगदी मनापासून लागतात. तेव्हापासून घर आवरताना मी तीच चाल गुणगुणतो. उंदीर अद्याप फिरकलेला नाही. झुरळ एकदा आलं, पण त्याचा एकंदर आविर्भाव पाहणी करायला आलेल्या साहेबाचा होता.

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि लेकीने विचारलं, "बाबा, आता पुढचा कधी?" दारापर्यंत पोचेस्तोवर ती हा प्रश्न विसरूनही गेली. मी मात्र तो घरी घेऊन आलो.

नुसती वाट पाहून माणसाचा वेळ जात नाही, त्याला जोडीला काहीतरी उद्योग लागतो. खरी माणसं आणि काढलेली चित्रं एका चौकटीत कशी नांदवतात, याबद्दल मी मिळेल ते वाचत सुटलो, आणि एवढंच कळलं की माझ्यापेक्षा कितीतरी धीराची माणसं या धंद्यात आहेत. १९४५ साली 'अँकर्स अवे'मध्ये जीन केली जेरी उंदराबरोबर नाचला, म्हणजे प्रत्यक्षात एकटाच नाचला. उंदीर मागाहून आला. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये पेंग्विन असेच मागाहून आले. नटांच्या मागे पांढरा पडदा आणि त्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळाजर्द प्रकाश. कॅमेऱ्यातला प्रिझम तेवढाच पिवळा वेचून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा. हे इतकं नेमकं व्हायचं, की टोपीवरच्या तलम जाळीतूनसुद्धा मागचं चित्र नीट दिसायचं. एवढा खटाटोप झाला, आणि मूळ पुस्तकाच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांना चित्रपटात कार्टून मुळातच नको होतं. ज्यांनी ते पेंग्विन काढले, ते त्या दिवसांत घरी जाऊन कोणावर चिडत असतील, याचा मी बराच विचार केलेला आहे.

पण सगळ्यांवर कडी केली ती १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'ने. बॉब हॉस्किन्ससारखा भरभक्कम नट नसलेल्या सशाची मानगूट धरतो, त्याला कोटात लपवतो, त्याच्यावर खेकसतो. समोर हवा. ही हवा दिसायला लागावी म्हणून तो आपल्या लहान मुलीचा खेळ बघत बसायचा, कारण तिला तिचे काल्पनिक सवंगडी बिनबोभाट दिसत. सशाला आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर तर सशाचा पोशाख चढवून कॅमेऱ्याच्या बाहेर उभे राहत आणि तिथून संवाद म्हणत. पोशाख घालायचा, आणि तोही पडद्यावर दिसणार नाही अशा जागी उभं राहायला! आम्हाला घरातल्या कार्यात फोटोत अर्धा कान आला तरी आठवडाभर वाईट वाटतं. त्याच चित्रपटात एका लटकत्या दिव्याला धक्का लागतो आणि तो झुलत राहतो. दिवा झुलला की सावल्या हलणार, म्हणजे चित्रकाराने सशाच्या अंगावरची सावली दर चित्रागणिक बदलायची. सेकंदाला चोवीस फ्रेम. दिव्याला धक्का लागला नसता तर कोणाचंही काही अडलं नसतं. पण तो लागला, आणि म्हणून ससा त्या खोलीत आहे असं आपल्याला वाटतं.

यातही मला सगळ्यात कठीण वाटतं ते नजरेचं काम. दोन नट एकाच अदृश्य प्राण्याकडे बघत असतील, तर दोघांची नजर एकाच बिंदूवर ठरायला हवी. एकाने वीतभर वर बघितलं आणि दुसऱ्याने खाली, की चित्रकाराचं घोडं अडलं. हे करून बघावं म्हणून एका रविवारी मी बायकोला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं.

"इथे, मिठाच्या बरणीच्या अलीकडे, एक चिपमंक, म्हणजे चिमुकली पट्टेरी खार, बसलाय असं समज," मी म्हणालो. "आपण दोघांनी त्याच्या डोळ्यांत बघायचं."

तिने बघितलं. मीही बघितलं. क्षणभर खरंच असं वाटलं की आमच्या दोघांच्या नजरा एका जागी मिळाल्या आहेत. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसली," ती म्हणाली. "इथली धूळ तू काल पुसणार होतास."

प्रयोग तिथेच आटोपला. हॉस्किन्सच्या घरी हे जमलं, कारण त्याची जोडीदार जेमतेम तीन-चार वर्षांची होती.

इकडे सिक्वेलचं घोंगडं भिजतच पडलं होतं. २०१० च्या सुमारास त्याच्या बातम्या येऊ लागल्या. मग लेखक बदलले. मग दिग्दर्शक बदलले. मग बातम्याच थांबल्या. बातमी आली की मी ती जेवताना सगळ्यांना वाचून दाखवायचो. पहिल्यांदा लेक उड्या मारायची. पुढे "हो का?" म्हणू लागली. त्यापुढच्या टप्प्यावर ती आणि तिची आई एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मी सांगतो, त्या दोघींची नजर अगदी एकाच बिंदूवर मिळायची. मध्ये चिपमंकच्या जागी मी.

मुलांचं हेच वाईट. आपण त्यांच्या नावावर एखादी आवड काढतो आणि ती न विचारता मोठी होतात. फ्रॉक गेला, जीन्स आली, खोलीचं दार आतून बंद होऊ लागलं. परीकथेची माझी ढालच गेली. आता विचारणाऱ्याला सांगणार काय? "मुलीसाठी" म्हणावं, तर मुलगी शेजारी उभी राहून मान हलवून नाही म्हणायची. "चित्रकलेतला रस" हे उत्तर काही दिवस चाललं. त्याला आधारही होता. हाताने चित्रं काढायचं काम त्या काळात मोठ्या स्टुडिओतून जवळपास हद्दपार झालं होतं, आणि 'एन्चांटेड'मधलं कार्टून जेम्स बॅक्स्टर यांच्या स्वतंत्र स्टुडिओत करून घ्यावं लागलं होतं. हे मी पाहुण्यांना सविस्तर समजावून सांगत असे. पाहुणे हल्ली येत नाहीत.

माझा एक मित्र आहे, त्याचा आक्षेप कार्टूनला नव्हता, गाण्याला होता. "माणसं अशी रस्त्यात उभी राहून गातात का रे?" हा त्याचा लाडका सवाल. आता बघा, राजकन्या विहिरीतून दुसऱ्या जगात आली हे त्याला चालतं. राजपुत्राने बसच्या टपावर चढून खाली तलवार खुपसली, तेही चालतं. ती सेंट्रल पार्कात गायला लागली आणि अख्ख्या बागेने सूर धरला की मात्र याची बुद्धी जागी होते! गंमत म्हणजे चित्रपटातला वकीलही हेच म्हणतो. हे गाणं आपल्याला ठाऊक नसताना बाकी सगळ्यांना कसं काय येतं, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. मी मित्राला सांगितलं, अ‍ॅलन मेंकन आणि स्टीफन श्वार्ट्झ यांच्या या एकाच चित्रपटातल्या तीन गाण्यांना ऑस्करची नामांकनं होती. "मग मिळालं?" त्याने विचारलं. मिळालं नव्हतं. 'वन्स' नावाच्या छोट्याशा चित्रपटातल्या गाण्याने ते नेलं. मित्राचा चेहरा असा खुलला, जणू ते गाणं त्यानेच बसवलं होतं.

गाण्यावरून आठवलं. माझ्यापेक्षा जास्त वाट कोणी पाहिली असेल, तर ती इडिना मेंझेलने. ब्रॉडवेची, म्हणजे न्यू यॉर्कची संगीत-रंगभूमी गाजवलेली गायिका, 'एन्चांटेड'सारखा गाण्यांनी भरलेला चित्रपट, आणि त्यात हिच्या वाट्याला एकही गाणं नाही. पोहणाऱ्याला बोलावून काठावर कपडे सांभाळायला बसवावं, तसला प्रकार. मधल्या काळात २०१३ साली 'फ्रोजन'मध्ये ती अशी गायली की जगभरच्या आईबापांना ते गाणं झोपेत ऐकू येऊ लागलं. तरी माझं म्हणणं एकच होतं. इथली थकबाकी इथेच चुकती व्हायला हवी. सिक्वेलमध्ये ती गाणार की नाही, हा माझ्यापुरता राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न होऊन बसला.

अखेर डिसेंबर २०२० मध्ये रीतसर घोषणा झाली. २०२१ मध्ये आयर्लंडमध्ये चित्रीकरण झालं. चित्रपट थिएटरात न येता थेट घरच्या पडद्यावर येणार हेही कळलं. एवढी वर्षं मी मनातल्या मनात जो अंधार, जी मधली सीट आणि जो भलामोठा पडदा राखून ठेवला होता, त्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टीझर आला. टीझर हा प्रकार ज्याने काढला, त्याला वाट पाहणाऱ्याचं मन चांगलं कळत असणार. भूक लागलेल्याला तो ताट दाखवत नाही, ताटाचा आवाज ऐकवतो. मी तो थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुढे नेऊन पाहिला. कार्टून किती, खरं किती, कोणाच्या तोंडाची हालचाल बोलण्याची आणि कोणाची गाण्याची. मग मात्र कडक पथ्य सुरू केलं. ट्रेलर नाही, मुलाखती नाहीत, गाण्यांची यादी तर नाहीच. कोणी मोबाइल पुढे करून "हे बघितलंस का?" म्हणालं की मी डोळे मिटून घ्यायचो. ऑफिसात माझे डोळे आले आहेत असा समज पसरला.

तारीख ठरली १८ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार. पहिल्या चित्रपटाच्या वेळी लेकीचे दुधाचे दात पडत होते, दुसऱ्याच्या वेळी तिची अक्कलदाढ येत होती. ती दुसऱ्या शहरात शिकत होती. चित्रपट दुपारीच उपलब्ध झाला होता, पण मी हात लावला नाही. दिवसाउजेडी परीकथा बघायची नसते, असं माझं मत. संध्याकाळी पडदे ओढले, दिवे घालवले, मोबाइल आत ठेवून आलो. बायको शेजारी येऊन बसली. तिने टेबलाकडे एक नजर टाकली. धूळ पुसलेली होती. पडद्यावर किल्ला आला, पुस्तक उघडलं, कार्टून सुरू झालं, आणि पडद्याच्या बरोबर मध्यावर एक गोल गरागरा फिरू लागला. राजपुत्र तोंड उघडून थांबला. आम्हीही.

तेवढ्यात आतून फोन वाजला. लेकीचा.

"बाबा, बघताय ना? मी दुपारीच बघितला, बसमध्ये. दीडपट स्पीडवर."

"दीडपट?"

"हो, आणि गाणी सगळी पळवली. पण ती नाही का, मागच्या वेळी जिला गायलाच दिलं नव्हतं, तिच्या इथे आल्यावर मी..."

"सांगू नकोस!" मी ओरडलो. "अगं, सांगू नकोस म्हटलं ना!"

"...तिचं मात्र दोनदा बघितलं. साध्या स्पीडवर."